दोन दारांचा तंबू

६ जुलै २०२४, सुवॉन

सकाळपासून पाऊस. इथे या पावसाळ्याला 'जांगमा' म्हणतात. खिडकीशी उभं राहिलं की कोल्हापूरचा आषाढ आठवतो. तोच करडा उजेड, तसेच न वाळलेले कपडे. मुलाकडे येऊन आठवडा झाला. उत्तर कोरियाची सीमा इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, हे इथे आल्यावर पहिल्यांदा नीट जाणवलं. नकाशावरची ती रेघ मी तीसहून अधिक वर्षं मुलांना दाखवत आले होते.

रात्री झोप लागेना, तेव्हा २०११ चा डिसेंबर आठवला. किम जोंग-इल गेल्याची बातमी आली होती. प्योंगयांगच्या रस्त्यांवर छाती पिटून रडणाऱ्या बायका-पुरुषांची चित्रफीत सगळीकडे फिरत होती. नववीच्या वर्गाला मी ती शाळेच्या संगणकावर दाखवली. मुलं हसली. मीही हसले. 'व्यक्तिपूजा म्हणजे काय ते बघा,' एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळले. तीन मिनिटांत एका अख्ख्या देशाचा निकाल लावून टाकला.

इथे आहे तोवर या विषयावर जे वाचेन, ऐकेन, पाहीन ते लिहून ठेवायचं ठरवलं आहे. तेव्हा शिकवायचं राहिलं ते आता निदान स्वतः तरी शिकावं.

८ जुलै

आज किम इल-सुंगला जाऊन तीस वर्षं झाली. १९४८ मध्ये राज्य स्थापन झालं तेव्हापासून १९९४ पर्यंत तोच सर्वेसर्वा. मग मुलगा किम जोंग-इल, २०११ पर्यंत. मग नातू किम जोंग-उन. आणि नोव्हेंबर २०२२ पासून पणतीला क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांना, लष्करी संचलनांना बापाच्या शेजारी उभं केलं जातंय.

साम्यवादाच्या पोथीत गादीला जागा नाही. प्योंगयांगमध्येच १९७० साली निघालेल्या राजकीय शब्दकोशात वारसाहक्काने सत्ता देण्याची चाल ही शोषक समाजाची प्रतिगामी रूढी म्हटली होती. १९७२ च्या आवृत्तीतून ती नोंद गायब झाली. मुलाला पुढे आणायचं होतं, म्हणून कोशातला शब्द आधी पुसला. १९७४ मध्ये 'दहा तत्त्वं' आली. नेत्याचा शब्द निरपवाद मानायचा, त्याच्या चित्रांना जपायचं, त्याच्या निष्ठेतच जगायचं, असा त्यांचा आशय. देशाच्या घटनेपेक्षाही रोजच्या जगण्यात त्यांचा धाक मोठा. २०१३ मध्ये ती सुधारली, तेव्हा पेक्तू पर्वताच्या रक्ताचा वारसा अखंड चालवायचा, असं त्यात स्पष्टच घातलं.

पेक्तू हा २,७४४ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत, कोरियन मनातलं पवित्र स्थान. किम जोंग-इल १६ फेब्रुवारी १९४२ रोजी तिथल्या गुप्त तळावर जन्मला, असं तिकडची पुस्तकं सांगतात. सोव्हिएत नोंदींप्रमाणे त्याचा जन्म रशियाच्या अतिपूर्वेला खाबारोव्स्कजवळ, बाप तिथे लाल सैन्यात असताना झाला. इतिहासाच्या शिक्षकाने मुलांना पहिली सवय लावायची ती 'साधन काय?' असं विचारण्याची. तिकडे शाळाशाळांमध्ये नेत्यांच्या चरित्रासाठी वेगळी खोली राखलेली असते, वेगळा विषय असतो. आणि त्या विषयात विचारता येत नाही तो नेमका हाच प्रश्न.

१९९७ मध्ये कालगणनाही बदलली. किम इल-सुंगचं जन्मसाल १९१२ हे पहिलं वर्ष. त्या हिशेबाने आज ११३ वं वर्ष चालू आहे. १९९८ च्या घटनेने त्याला कायमचा राष्ट्राध्यक्ष ठरवलं, मृत्यूनंतर चार वर्षांनी.

या मे महिन्यात किम की-नाम ९४ व्या वर्षी वारला. आजोबा, मुलगा आणि नातू, तिघांच्याही प्रचारयंत्रणेची धुरा त्याने वाहिली. गादीवरचा माणूस दोनदा बदलला; शब्द लिहिणारा हात तोच राहिला. हे वाचून मी बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसले.

११ जुलै

मुलाने रजा काढली. पाजूजवळच्या दोरा वेधशाळेत गेलो. वाटेत सैनिकाने पासपोर्ट पाहिले. पाऊस थांबला होता, पण धुकं होतं. दुर्बिणीत आधी नुसता हिरवा रंग दिसला, मग एक अतिउंच झेंडाकाठी, मग तिच्या पायथ्याशी इमारती.

ते किजोंग-दोंग. दक्षिणेने आपल्या सीमेवरच्या गावात जवळजवळ शंभर मीटरची काठी उभारली, म्हणून उत्तरेने १६० मीटरची उभारली. तिथे शेतकऱ्यांची दोनशे कुटुंबं राहतात असं उत्तरेचं सरकार म्हणतं. वर्षानुवर्षं दुर्बिणी लावून बसलेले लोक सांगतात की घरं पोकळ आहेत आणि दिवे ठरल्या वेळी आपोआप लागतात. मला माणूस दिसला नाही. शेतं मात्र खरी होती, नीट राखलेली.

परतताना माझ्या मनात त्या गावाची दुसरी बाजू होती. ते आपण पाहावं म्हणून बांधलंय. पण तिकडच्या माणसाला इकडचं काही दिसू नये याची व्यवस्था त्याहून कितीतरी पक्की आहे. रेडिओ आणि टीव्ही सरकारी वाहिन्यांवर बसवून सीलबंद केलेले. घरात तारेवरून येणारं सरकारी प्रसारण. मोबाइल आहेत, पण सामान्य माणसाला त्यावरून देशाबाहेर बोलता येत नाही. इंटरनेटच्या जागी 'क्वांगम्योंग' नावाचं देशापुरतं जाळं. दुसऱ्या प्रांतात जायला परवाना हवा, प्योंगयांगला जायला तर खास परवाना. जानेवारी २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने सीमा मिटल्या त्या साडेतीन वर्षांनी जरा किलकिल्या झाल्या, आणि तेवढ्या काळात चीनच्या बाजूला नवी कुंपणं उभी राहिली.

भिंत बाहेरच्याला अडवायला असते, असं आपल्याला वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यातला पन्हाळा तसाच बांधलाय. उत्तरेची तटबंदी आतल्या माणसासाठी आहे.

१४ जुलै

दक्षिण कोरियाने आज पहिल्यांदा 'उत्तर कोरियातून आलेल्यांचा दिवस' पाळला. त्यांना संरक्षण आणि आधार देणारा कायदा १९९७ मध्ये याच तारखेला लागू झाला होता. आजवर सुमारे ३४ हजार माणसं इकडे पोचली आहेत, त्यांत बायका सत्तर टक्क्यांहून जास्त. २०११ मध्ये एका वर्षात २,७०० च्या वर आली होती. २०२१ मध्ये फक्त ६३.

त्यांतल्याच एक बाई संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आल्या. सूनबाईंच्या भाषावर्गात त्या मदत करतात. त्यांचं नाव किंवा गाव इथे लिहीत नाही. त्यांची माणसं अजून तिकडे आहेत. चीनच्या सीमेवरच्या नदीकाठचं गाव, एवढं पुरे. त्या बोलत होत्या, सूनबाई मला मराठीत सांगत होत्या.

मी घरातल्या भिंतीवरच्या नेत्यांच्या चित्रांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, 'त्या भिंतीवर दुसरं काहीच लावायचं नाही. पुसायचं फडकं वेगळं. तपासायला कधीही कुणी येतं.' कोण येतं? 'इन्मिनबानची प्रमुख.' वीस ते चाळीस घरांचा एक गट, त्याची एक प्रमुख, बहुधा बाईच. कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, कोण किती खर्च करतं, रात्री कुणाच्या घरात उजेड आहे, याची तिला खबर हवी. 'ती वाईट होती असं नाही,' बाई म्हणाल्या. 'माझ्या बाळंतपणात तिनेच मला सूप करून दिलं. आणि माझ्याबद्दल वर सांगायचं कामही तिचंच.'

मग आठवड्याची बैठक. प्रत्येकाने उभं राहून आपला दोष सांगायचा, मग दुसऱ्या कुणाचा तरी. शाळकरी मुलांपासून सगळ्यांना. मैत्रिणी आधी ठरवून घेतात : आज तू माझं काहीतरी बारीकसं सांग, पुढच्या वेळी मी तुझं सांगेन. मी विचारलं, 'मग त्या बैठकीवर कुणाचाच विश्वास नसेल?' त्यांनी जरा थांबून उत्तर दिलं, 'विश्वास कुणी विचारलाच नाही. हजेरी विचारायचे.'

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्या दक्षिणेच्या मालिका चोरून पाहायच्या. पूर्वी तबकडीवर पाहताना भीती असे, कारण पोलीस आधी गल्लीची वीज तोडत आणि मग आत शिरत. तबकडी यंत्रात अडकलेली सापडे. पेन ड्राइव्ह आले, ते खिशात टाकता येऊ लागले. त्यांची धाकटी बहीण त्याच घरात राहायची. तीही त्याच मालिका पाहत होती. दोघींना हे एकमेकींबद्दल कळलं ते दोघी इकडे आल्यावर, कित्येक वर्षांनी.

त्या गेल्यावर भांडी आवरताना मला २०११ ची चूक कळली. लोक सगळं खरं मानतात का, यावर ती सत्ता उभी नाही. आपला अविश्वास दुसऱ्याला सांगता येत नाही, यावर ती उभी आहे. प्रचाराने तोंडाला काम दिलं आणि शेजाऱ्याच्या भीतीने कान तोडले. एका घरातल्या दोन बहिणी दोन बेटांवर राहत होत्या.

१७ जुलै

आषाढी. सूनबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली. मोबाइलवर पंढरपूरची गर्दी पाहिली. नऊ वर्षांच्या नातवाने विचारलं, 'आजी, त्यांच्या घरात पण फोटो असतो आणि आपल्या देव्हाऱ्यात पण. मग फरक काय?'

मुलाचा प्रश्न टाळायचा नसतो. मी म्हटलं, वारीला न जाणाऱ्याच्या घरी कुणी तपासणीला येत नाही. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला चोर म्हणणारे अभंग आपण टाळ-मृदंगावर गातो. जनाबाईने त्याला शिव्या घातल्या, आणि तिचं नाव आपण संतांच्या मांदियाळीत घेतो.

पुढचं मी त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते. त्या चित्राशी भांडणारा माणूस छावणीत जातो आणि एकटा जात नाही. आई-बाप आणि मुलंही जातात. तीन पिढ्यांनी फेडायचा दोष. ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २०१४ मध्ये ८० हजार ते १ लाख २० हजार माणसं राजकीय छावण्यांत असल्याचा अंदाज मांडला आणि हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असल्याचं म्हटलं.

गादी वंशाने चालते, तसा दोषही वंशानेच चालतो. 'सोंगबुन' नावाच्या वर्गवारीत घराण्याचं स्थान ठरतं : निष्ठावान, डळमळीत, शत्रू. आजोबा जमीनदार होता की क्रांतिकारकांच्या बाजूने लढला, यावरून नातवाचं शिक्षण, नोकरी, राहायचं शहर ठरतं. जातीच्या उतरंडीचा इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समतेच्या नावाने आलेल्या क्रांतीने माणसाला पुन्हा जन्मावरूनच मोजलं.

२४ जुलै

सोलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या आवारात आज उत्तरेचे कचऱ्याचे फुगे पडले. मे महिन्याच्या अखेरीपासून हे चाललंय. कागदाचे कपटे, चिंध्या, सिगारेटची थोटकं, कधी खत. उत्तरेचं म्हणणं असं की इकडून कार्यकर्ते पत्रकं आणि पेन ड्राइव्ह बांधलेले फुगे सोडतात, त्याला हे उत्तर. दक्षिणेच्या लष्कराने रविवारपासून सगळ्या सीमेवर ध्वनिक्षेपक सुरू केले आहेत : बातम्या आणि गाणी.

दोन्हीकडून ओरडा चालू आहे, असं मुलगा म्हणाला. मला त्यात एक फरक दिसतो. इकडे फुगा पडला तर फोनवर सूचना येते आणि लोक चिंध्यांचे फोटो काढतात. तिकडे पडलेला पेन ड्राइव्ह उचलला तर? डिसेंबर २०२० च्या कायद्याने दक्षिणेच्या मालिका पाहणाऱ्याला वर्षानुवर्षं सक्तमजुरी, आणि त्या वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठरवली. जानेवारी २०२३ च्या कायद्याने बोलण्यालाच हात घातला. प्रियकराला दक्षिणेच्या तरुणींसारखं 'ओप्पा' म्हणणं हाही गुन्हा.

एका संबोधनाला घाबरणारं सरकार आपल्याकडे अण्वस्त्रं असल्याचं सांगतं, आणि ती खरोखरच त्याच्याकडे आहेत. तरीही त्याला 'ओप्पा'ची भीती वाटते, कारण तो शब्द उच्चारणाऱ्या मुलीला समोरची मुलगी लगेच ओळखते : ही पण पाहते. दोन बेटं जोडायला तेवढा एक शब्द पुरतो.

२७ जुलै

१९५३ मध्ये आजच्या दिवशी युद्धबंदी झाली. उत्तरेत हा दिवस 'विजयदिन'. युद्ध २५ जून १९५० रोजी उत्तरेच्याच सैन्याने सीमा ओलांडून सुरू केलं, पण तिकडच्या मुलांना अमेरिकेने आक्रमण केल्याचंच शिकवलं जातं.

आज मला आमच्या कोल्हापूरचे थोरातसाहेब आठवले. मेजर जनरल एस. पी. पी. थोरात युद्धबंदीनंतर भारताच्या रक्षक दलाचे प्रमुख म्हणून इथे आले होते. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी, आणि तसेच काही शे दुसऱ्या बाजूचे, भारतीय जवानांच्या ताब्यात आले. सीमेवरच्या त्या तळाचं नाव 'हिंद नगर'.

तिथे तंबू उभारले होते. कैद्याला एकेकट्याला आत आणायचं. त्याच्या देशाचे प्रतिनिधी त्याला परत येण्याबद्दल समजावणार, भारतीय अधिकारी देखरेखीला. तंबूला बाहेर पडायची दोन दारं. एकातून गेलं की मायदेश, दुसऱ्यातून गेलं की नकार.

काम सोपं नव्हतं. छावण्यांच्या आत कैद्यांच्याच टोळ्या होत्या. परतायची इच्छा आहे असा नुसता संशय आला तरी त्या माणसाचं काही खरं नसे. म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्या छावणीतही तीच युक्ती चालली होती : शेजाऱ्याची भीती. म्हणूनच माणसाला त्याच्या शेजाऱ्यांपासून वेगळं काढून, काही मिनिटं तरी, त्याचं स्वतःचं उत्तर विचारणं हे मोठं काम होतं. ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या. ते १९५४ मध्ये आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले.

लहानपणी मी थोरातसाहेबांचं नाव शौर्याच्या गोष्टींत ऐकलं होतं. त्या तंबूबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेखी आता तोच त्यांच्या कामगिरीचा गाभा आहे.

१० ऑगस्ट

जुलैअखेर यालू नदीला पूर आला. सिनुइजू आणि उइजू भागात ४,१०० घरं आणि जवळजवळ तीन हजार हेक्टर शेतजमीन पाण्याखाली गेली, असं उत्तरेच्याच माध्यमांनी सांगितलं. किम जोंग-उन रबरी होडीत बसून पाहणी करतानाचे फोटो आले. दक्षिणेने मदत देऊ केली. तिला त्याने प्रतिसाद दिला नाही, आणि मृतांच्या आकड्यांबद्दलच्या दक्षिणेतल्या बातम्यांना बदनामी म्हटलं. आज बातमी आहे की म्हातारी माणसं, आजारी आणि मुलं मिळून सुमारे १५,४०० जणांना प्योंगयांगला नेऊन ठेवणार.

२०१९ आणि २०२१ चा आमचा महापूर मी पाहिलाय. शिरोळ तालुक्यातली गावं बेटं झाली होती. तेव्हा आम्ही सरकारला काय काय बोललो! होड्या उशिरा आल्या, धरणाचं पाणी वेळेवर सोडलं नाही, पंचनामे चुकले. ते बोलणं वर्तमानपत्रांत छापून आलं. बोलल्याने पूर ओसरत नाही, पण पुढच्या वेळी होडी लवकर येते.

तिकडे नव्वदच्या दशकात दुष्काळ पडला, तेव्हा बोलायची सोय नव्हती. सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्तातलं तेल आणि खत थांबलं, १९९५ मध्ये पूर आले, शिधावाटप बंद पडलं. आधीच १९९१ मध्ये 'दिवसातून दोनदाच जेवू या' अशी मोहीम काढली होती. उपासमारीला सरकारने 'खडतर कूच' असं वीरश्रीचं नाव दिलं. किती मेले याचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांच्याही पुढे जातात. माणसं जगली ती बायकांनी रस्त्याकडेला मांडलेल्या बाजारांमुळे. तिथेच पुढे चीनचा तांदूळ आला, आणि तांदळामागून मालिकाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. २०१२ च्या पुरात तिकडे १४ वर्षांची एक मुलगी नेत्यांची चित्रं वाचवताना बुडाली. सरकारने तिचा गौरव केला, शाळेला तिचं नाव दिलं, आई-वडिलांचा आणि तिच्या शिक्षकांचाही सत्कार केला. चांगलं शिकवलं म्हणून. मी चौतीस वर्षं शिक्षिका होते. त्या शिक्षकांनी तो सत्कार कसा घेतला असेल, घरी जाऊन दार लावल्यावर ते काय बोलले असतील, की एकमेकांशीही बोलले नसतील, हेच मी दिवसभर मनात घोळवतेय.

१५ ऑगस्ट

आज सकाळी नातवाने गच्चीत छोटा तिरंगा लावला. खाली रस्त्यावर कोरियन झेंडे होते. १९४५ मध्ये याच दिवशी जपानची राजवट संपली, आणि हा एकच राष्ट्रीय सण दोन्ही कोरिया अजून एकाच तारखेला पाळतात. पेक्तूचं नावही दक्षिणेच्या राष्ट्रगीतात आहे. माणसं तीच, भाषा तीच. एका बाजूला १९४८ पासून सत्ता एकाच घरातून बाहेर गेलेली नाही.

दक्षिणेनेही हुकूमशहा पाहिले. इथल्या लोकांनी १९८७ मध्ये रस्त्यावर उतरून थेट निवडणूक मिळवली. रस्त्यावर उतरायला आधी शेजाऱ्याला सांगावं लागतं, की मी उतरणार आहे, तू येतोस का? हे वाक्य उच्चारता येऊ नये, यासाठीच तिकडची तत्त्वं, बैठका, इन्मिनबान, सीलबंद रेडिओ आणि आता हे शब्दांचे कायदे आहेत. त्या देशाच्या अण्वस्त्रांबद्दल जग रोज बोलतं. माझ्या मते त्या घराण्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे.

पुढच्या आठवड्यात मी परत जाणार. नववीतली ती मुलं आता सत्तावीस वर्षांची झाली असतील. काही जणांचे फोन नंबर आहेत माझ्याकडे. ही पानं त्यांना पाठवणार आहे. मुलांनो, त्या दिवशी मी तुम्हाला अर्धवट शिकवलं. ती चित्रफीत पुन्हा कधी समोर आली तर हसू नका. रडणाऱ्या माणसाकडे बघण्याआधी, त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा.